मुंब्र्याच्या खाडीपासून ज्ञानेश्वरी बंगल्यापर्यंत

मागचे दोन विकांत रिलीजने गिळले, त्यामुळे इकडे फिरकलो नाही. आज पाऊस आहे, चहा आहे आणि सोमवारपर्यंत फोन येणार नाही असं मॅनेजरने (बहुतेक) कबूल केलंय. तेव्हा बरेच दिवस डोक्यात असलेला विषय लिहून टाकतो. जरा गंभीर आहे, आधीच सांगतो.

मी राहतो डोंबिवलीला, हापिस वागळे इस्टेटात. संध्याकाळी धीमी लोकल पकडली की कळवा सुटल्यावर डाव्या हाताला खाडी लागते आणि उजव्या हाताला पारसिकचा डोंगर. अख्ख्या प्रवासातली हीच काय ती तीन-चार मिनिटं, जेव्हा डब्यातली माणसं मोबाईलमधून मान वर काढतात. खारफुटी, चिखल, एखादी होडी. हे मुंब्र्याचं रेतीबंदर. ५ मार्च २०२१ ला इथेच मनसुख हिरेन यांचा मृतदेह सापडला.

तेव्हा मी नोकरीत अगदी नवखा होतो. करोनामुळे काम घरून, पण अधूनमधून हापिसात जावं लागायचं. वागळे इस्टेट तुम्हाला माहीत असेलच. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीचा जन्म झाला तो इथल्याच एका छोट्या समारंभात. आता कारखाने बरेचसे गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारतींत आम्ही बसतो; टपऱ्या तेवढ्या जुन्याच. त्या आठवड्यात रोड नंबर १६ च्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. कारण गेलेला माणूस ठाण्याचा. गाड्यांच्या सीटकव्हरचा, ॲक्सेसरीजचा धंदा करणारा, आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा. टपरीवाले मामा म्हणाले होते, "पट्टीचा पोहणारा होता म्हणे. पोहणारा माणूस खाडीत बुडतो काय रे?" घरच्यांचंही तेच म्हणणं होतं.

आज बहुतेकांना या प्रकरणातलं 'शंभर कोटी' तेवढं आठवतं. हिरेन हे नाव आठवायला क्षणभर लागतो. मलाही लागला, म्हणून जुनं सगळं काढून वाचलं. पुढे जे 'आरोपपत्राप्रमाणे' म्हणून येईल ते तपासयंत्रणेचं म्हणणं आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

तर झालं असं. एका ग्राहकाने बिल थकवलं म्हणून त्याची हिरवी स्कॉर्पिओ हिरेन यांच्याकडे राहिली होती. ती गाडी मुंबई क्राइम ब्रँचच्या सीआययू या पथकाचे प्रमुख, सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये वापरायला नेली आणि ५ फेब्रुवारी २०२१ ला परत केली, असं हिरेन यांच्या पत्नीने जबाबात सांगितलं. वाझे ठाण्यातच, साकेत सोसायटीत राहायचे. १७ फेब्रुवारीला ती गाडी मुलुंड-ऐरोली रस्त्यावर बंद पडली, हिरेन ती तिथेच सोडून गेले, आणि नंतर विक्रोळी पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार झाली. आरोपपत्राप्रमाणे चोरी वगैरे काही झालीच नव्हती. किल्ली त्याच दिवशी वाझे यांच्याकडे पोचली होती.

२५ फेब्रुवारीला तीच स्कॉर्पिओ दक्षिण मुंबईत कार्मायकल रोडवर, मुकेश अंबानींच्या अँटिलियाजवळ उभी सापडली. आत जिलेटिनच्या २० कांड्या आणि एक धमकीची चिठ्ठी. कांड्या सुट्याच होत्या, स्फोट घडवायला लागणारी जोडणी नव्हती. म्हणजे बॉम्ब नव्हे, बॉम्बची भीती.

आता या गोष्टीचा तपास सुरुवातीला कुणाकडे गेला? सीआययूकडे. म्हणजे वाझे यांच्याकडेच!

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो. आमच्याकडे एक साधा नियम असतो, आपणच लिहिलेला कोड आपणच पास करायचा नाही, आणि ज्याच्या हातात सर्व्हर त्याच्या हातात लॉग पुसायचा हक्क द्यायचा नाही. एका जुन्या प्रोजेक्टवर (कंपनीचं नाव नको) हा नियम 'तात्पुरता' बाजूला ठेवला होता. एका रात्री डेटा उडाला, आणि तो कसा उडाला हे सांगणारा लॉगही त्याच रात्री उडाला. पुढचा महिनाभर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. आमचा फक्त डेटा गेला होता.

स्कॉर्पिओच्या तपासात नेमकं हेच दिसतं. साकेत सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर फेब्रुवारीच्या अखेरीस सीआययूच्या लोकांनी 'तपासासाठी' म्हणून नेला. वरकरणी बरोबरच आहे, तपास करणारा पोलीस फुटेज नेणारच. पण पुढे एनआयएचे अधिकारी २८ मार्चला वाझे यांना घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलाजवळ मिठी नदीवर गेले आणि पाणबुडे उतरवले, तेव्हा पाण्यातून काय काय निघालं? डीव्हीआर, सीपीयू, हार्ड डिस्क, लॅपटॉप, प्रिंटर आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा. मिठी नदी म्हणजे कुणाचा तरी रिसायकल बिन झाली होती.

पण हे नंतरचं. त्याआधीचे आठ दिवस हिरेन यांच्यासाठी कसे गेले असतील याचा मी बरेचदा विचार करतो. गाडी त्यांच्या ताब्यातली, म्हणून चौकशी त्यांची. एक यंत्रणा बोलावते, मग दुसरी, दारात टीव्हीवाले. २ मार्चला त्यांच्या नावाने मुख्यमंत्री, गृहमंत्री आणि मुंबई-ठाण्याच्या पोलीस आयुक्तांना पत्र गेलं, की पोलीस आणि पत्रकार मला छळताहेत. दुसरीकडे, पत्नीच्या जबाबाप्रमाणे, वाझे त्यांना सुचवत होते की तू या केसमध्ये अटक हो, दोन-तीन दिवसांत तुला जामिनावर सोडवतो. हिरेन तयार झाले नाहीत. आरोपपत्राचा रोख असा आहे की त्या नकारामुळेच ते 'कच्चा दुवा' ठरले.

४ मार्चच्या रात्री साडेआठच्या सुमारास ते घरून निघाले. कांदिवली क्राइम ब्रँचच्या 'तावडे' नावाच्या अधिकाऱ्याने घोडबंदर रोडला बोलावलंय, असं सांगून. ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रेतीबंदरला मृतदेह मिळाला. चेहऱ्यावर करोनाचा मास्क, मास्कखाली रुमाल. पोलिसांनी आधी नोंद केली ती अपघाती मृत्यूची.

अपघाती मृत्यू! रुमाल असूनसुद्धा. ती नोंद तशीच राहिली असती तर हा लेखच नसता. राहिली नाही याची कारणं दोन. एक म्हणजे घरच्यांनी आत्महत्येची गोष्ट स्वीकारली नाही. दुसरं, त्याच दिवशी विधानसभेत विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी वाझे-हिरेन यांच्यातल्या फोनचा मुद्दा काढला आणि सरकारला पळवाट उरली नाही. प्रकरण एटीएसकडे गेलं आणि ७ मार्चला पत्नीच्या तक्रारीवरून खुनाचा गुन्हा दाखल झाला. विरोधी पक्षाने हे न्यायाच्या कळवळ्याने केलं की सरकार अडचणीत येतंय म्हणून, यावर टपरीवर तासभर वाद होऊ शकतो. (झालाही होता.) माझं मत असं की दोन्ही असू शकतं, आणि त्या घराला त्या दिवशी त्याने फरक पडला नसेल.

एटीएसने धागा पकडला तो सिमकार्डांचा. एका बुकीने गुजरातेतून मिळवलेली सिमकार्डं, ती विनायक शिंदे नावाच्या माणसाकडे, त्याच्याकडून पुढे. २१ मार्चला बुकी आणि शिंदे दोघांना अटक झाली. शिंदे हा कोण, ते नाव डोक्यात ठेवा, मी परत येतो त्याच्याकडे. दरम्यान १३ मार्चला एनआयएने स्कॉर्पिओ प्रकरणात वाझे यांना अटक केली होती, आणि ठाणे सत्र न्यायालयाच्या आदेशानंतर खुनाचा तपासही एटीएसकडून एनआयएकडे गेला.

एक तपशील माझ्यासारख्या लोकलकराच्या डोक्यातून जात नाही. त्या संध्याकाळी वाझे यांनी स्वतःचा मोबाईल पोलीस आयुक्तालयात ठेवला आणि सीएसएमटीहून लोकलने ठाण्याच्या बाजूला आले, असं एनआयएचं म्हणणं. एप्रिलमध्ये त्यांना रात्री सीएसएमटीच्या फलाटावर चालवून तो प्रवास पुन्हा तपासला. आठवतंय ना, तेव्हा सर्वसामान्यांना लोकलची मुभा फक्त पहाटे सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर होती? ऐन संध्याकाळी डब्यात अत्यावश्यक सेवेतले लोक. नर्स, पालिका कामगार, पोलीस. मोबाईल टॉवर सांगणार, माणूस हापिसात बसलाय. पण स्टेशनवरच्या कॅमेऱ्याला टॉवर काय म्हणतो ते ठाऊक नसतं!

आता पैशाकडे येऊ. १७ मार्चला मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांची बदली झाली, होमगार्डला. २० मार्चला त्यांचं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना लिहिलेलं आठ पानी पत्र बाहेर आलं. (मजा बघा, मुख्यमंत्री कार्यालयाने आधी सांगितलं की पत्र वेगळ्याच ईमेलवरून आलंय, खाली सही नाही, तपासून बघतो. आमच्या हेल्पडेस्कलासुद्धा अभिमान वाटावा असं उत्तर.) पत्रातला आरोप असा की गृहमंत्री अनिल देशमुख यांनी वाझे यांना आपल्या 'ज्ञानेश्वरी' या सरकारी बंगल्यावर बोलावून महिन्याला १०० कोटी जमवायला सांगितलं. हिशेबही दिलेला. मुंबईत १७५० बार आणि रेस्टॉरंट आहेत, प्रत्येकाकडून दोन-तीन लाख घेतले तरी ४०-५० कोटी होतात. उरलेले इतर मार्गांनी.

देशमुखांनी आरोप साफ फेटाळला. सिंह आधी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जायला सांगितलं. ५ एप्रिलला उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितली आणि त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. सीटकव्हर विकणाऱ्या माणसाचा मृतदेह सापडल्यापासून एक महिना, आणि राज्याचा गृहमंत्री घरी.

इथपर्यंत सिनेमासारखं आहे. यापुढे मात्र गोष्ट अशी वळणं घेते की पटकथाकाराला हाकलून देतील.

ईडीचा आरोप शंभर कोटींचा राहिला नाही. वाझे यांनी डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बारमालकांकडून ४ कोटी ७० लाखांच्या आसपास जमवले, असा तो होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशमुखांना अटक झाली आणि ते जवळजवळ १४ महिने आत होते. राज्य सरकारने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती कैलाश चांदीवाल यांच्या आयोगापुढे परमबीर सिंह यांच्याकडून सांगण्यात आलं की त्यांच्याकडे द्यायला आणखी पुरावा नाही. वाझे यांनी त्याच आयोगापुढे आधी देशमुखांना पैसे दिल्याचं नाकारलं, मग ते म्हणणं मागे घ्यायचा प्रयत्न केला, आणि जून २०२२ मध्ये सीबीआयच्या खटल्यात माफीचे साक्षीदार झाले. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने देशमुखांना सीबीआयच्या केसमध्ये जामीन देताना नोंदवलं की वाझे यांचा जबाब सोडला तर देशमुखांच्या सांगण्यावरून पैसे उकळल्याचं दाखवणारं फारसं काही नाही.

आणि आरोप करणारे सिंह? त्यांच्यावरच २०२१ मध्ये खंडणीचे गुन्हे नोंदले गेले, त्यातले दोन आमच्या ठाण्यात, ठाणेनगर आणि कोपरी पोलीस ठाण्यांत. ते २०१५ ते २०१८ ठाण्याचे पोलीस आयुक्त होते, ज्या शहराचं पोलीस दल सांभाळलं त्याच शहरात आरोपी. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईतल्या न्यायालयाने त्यांना फरार घोषित केलं, त्याच महिन्यात ते हजर झाले, डिसेंबरमध्ये निलंबित झाले. सरकार बदललं आणि मे २०२३ मध्ये ते निलंबन मागेही घेतलं गेलं.

युरोपात स्लोव्हाकियात असंच काहीसं झालं होतं. यान कुत्सियाक हा तिथला २७ वर्षांचा पत्रकार, करचोरी आणि राजकारण्यांच्या लागेबांध्यांवर लिहायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा आणि त्याच्या वाग्दत्त वधूचा घरात खून झाला. लोक रस्त्यावर उतरले आणि मार्चमध्ये पंतप्रधान फित्सो यांना राजीनामा द्यावा लागला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फित्सो पुन्हा पंतप्रधान. तिकडे निदान हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन त्या दोघांसाठी उभी राहिली होती. हिरेन यांच्यासाठी ठाण्यात तसं काही झाल्याचं मला आठवत नाही. आम्ही सगळे शंभर कोटीला किती शून्य ते मोजत होतो. (मी धरून.)

आता विनायक शिंदेकडे परत. हा मुंबई पोलिसांतला शिपाई. ११ नोव्हेंबर २००६ च्या लखनभैया बनावट चकमकीत दोषी ठरून जन्मठेप भोगत असलेला. करोनात तुरुंगातली गर्दी कमी करायला पॅरोल दिले गेले, त्यात मे २०२० मध्ये तो बाहेर आला. याच चकमकीच्या खटल्यातले एक आरोपी होते प्रदीप शर्मा, चकमकफेम अधिकारी. २०१३ मध्ये ते निर्दोष सुटले, २०१७ मध्ये ठाण्यात खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख झाले, २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहून हरले. जून २०२१ मध्ये एनआयएने त्यांनाही हिरेन यांच्या खुनात अटक केली. वाझे यांच्याकडून पैसे घेऊन मारेकरी पुरवले, हा आरोप. त्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ऑगस्ट २०२३ मध्ये जामीन दिला. आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या जुन्या लखनभैया प्रकरणात त्यांची सुटका रद्द करून जन्मठेप सुनावली. २००६ ची गोष्ट, २०२४ चा निकाल. मध्ये २०२१ चा मृतदेह.

दुसरी फाईल याहून जुनी आहे, आणि खरं सांगायचं तर हा लेख लिहायला बसलो तो तिच्यामुळेच.

ख्वाजा युनूस. परभणीचा मुलगा, वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, त्या प्रकरणात महिनाअखेरीस त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की त्याला औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच्या एका सहआरोपीने मात्र न्यायालयात सांगितलं की कोठडीत त्याला मारहाण झाली आणि त्याला रक्ताची उलटी होताना मी पाहिलं. सीआयडीच्या चौकशीत पळून गेल्याची गोष्ट खोटी निघाली. मार्च २००४ मध्ये वाझे यांना अटक झाली, ते निलंबित झाले. घाटकोपर खटल्यातले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूस जगता तर तोही बहुधा त्यांच्याबरोबर घरी गेला असता. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही.

निलंबित वाझे यांनी २००७ मध्ये राजीनामा दिला, २००८ मध्ये शिवसेनेत गेले. आणि २०१० मध्ये 'लई भारी' नावाची मराठी सोशल नेटवर्किंग साईट काढली! मराठी फेसबुकच म्हणा ना. आमच्या कॉलेजातल्या एका सिनियरने तिच्यावर खातं उघडलं होतं, असं त्याने मला नंतर चहा पिताना सांगितलं. कुणाची साईट ते त्याला अर्थातच ठाऊक नव्हतं.

युनूसच्या आईने खटला सोडला नाही. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने भरपाई वाढवून २० लाख केली. २०१८ मध्ये सरकारी वकिलांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करा असा अर्ज केला, आणि त्यानंतर सरकारने ते वकीलच बदलले. खटला अडकला. जून २०२० मध्ये, करोनामुळे मनुष्यबळ कमी पडतंय या कारणाने, १६ वर्षं निलंबित असलेल्या वाझे यांना पुन्हा सेवेत घेतलं गेलं. तो निर्णय घेणाऱ्या आढावा समितीचे अध्यक्ष होते तत्कालीन पोलीस आयुक्त परमबीर सिंह. युनूसच्या आईने या पुनर्नियुक्तीविरुद्ध उच्च न्यायालयात अवमान याचिका केली. तेव्हा तिची बातमी आतल्या पानावर होती.

जून २०२० ते मार्च २०२१. नऊ महिने.

मी हे तारखांचं टिपण एक्सेलमध्ये केलं होतं. (सवय!) एका रकान्यात साल, दुसऱ्यात माणूस, तिसऱ्यात 'प्रकरणाची स्थिती'. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला एकच शब्द आला, 'प्रलंबित'. आमच्या बगट्रॅकरमध्ये असं असलं तर सोमवारच्या मीटिंगमध्ये माझी धडगत नसते.

परवा परत धीम्या लोकलने आलो. कळवा सुटलं, डावीकडे खाडी आली. भरती होती, चिखल दिसत नव्हता. शेजारचे काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अगं, मुंब्रा येतंय, कुकर लाव."

चू. भू. द्या. घ्या. पुढच्या शनिवारी (रिलीज नसेल तर) पारसिकच्या बोगद्यावर लिहीन म्हणतो.